दोन बोटं कमी

सांवेर रोडवर, नट-बोल्टांच्या शेडमागे,
चौतीस माणसं, दोन पाळ्या,
माणशी पंचेचाळीस लिटर.
आकडे सरळ होते. जमीन नव्हती.

माळव्याची काळी माती.
हातभर खड्डा खणला, काठोकाठ पाणी भरलं,
कडेला फूटपट्टी खोचली
आणि भेरूलालच्या स्टुलावर बसून राहिले.
एक चहा. दुसरा चहा.
तासाभरात पाणी उतरलं बोटभर.
भेरूलाल म्हणाला, "बाईसाब, ये मिट्टी पीती नहीं,
मुँह में भरके बैठती है."
अहवालात मी हेच लिहिलं, जरा सभ्य भाषेत.

म्हणजे शोषखड्डा बाद.
त्याऐवजी जमिनीच्या वर वाफा: खडी, भरड वाळू,
भोकं पाडलेले पाइप, वर कर्दळ.
टाकी दोन खणांची, लांबी रुंदीच्या तिप्पट,
मध्ये भिंत, पाण्याने घाई करू नये म्हणून.
गाळ खाली बसतो, साय वर धरते,
मधलं तेवढं निमूट पुढे जातं.
(सासरी मीही काही वर्षं तशीच काढली,
पण ते इथे नको.)

लुणावतशेठ नकाशा उलटा धरून बघत होते.
"ढक्कन इतना-सा? आदमी उतरेगा कैसे?"
"उतरणार नाही."
"फिर साफ कौन करेगा?"
"नळी. टँकर बाहेर, माणूसही बाहेर."
"आज तक तो उतरते आए."
हो. आणि वर किती आले?
हे मी विचारलं नाही. भेरूलाल जवळच उभा होता,
पायाच्या अंगठ्याने माती उकरत.
त्याचा थोरला भाऊ, सनावदकडे, कुणाच्या तरी मिलमध्ये...
एकदाच बोलला होता, तेही
चहाचे सुटे पैसे मोजता मोजता,
आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

माझे वडील मल्हारगंजात कपडे शिवत.
छातीचं माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायचे.
सैल ठेवावं, म्हणायचे, माणसाला श्वास लागतो.
त्यांचीच टेप माझ्या पिशवीत, पहिले चार इंच पुसलेले.
भेरूलालला म्हटलं, भिंतीला पाठ लाव.
खांदे नकोत; माणूस हात वर करून, तिरका होऊन घुसतो.
छातीपुढे गुण्या धरला: आठ इंच.
"कुर्ता सिलवाओगी क्या?"
"हो. तुला कधीच होणार नाही असा."
आठातून दोन बोटं वजा.
सहाच्या पाइपाचं तोंड, लोखंडी टोपी,
वर स्लॅब एकसंध, कुठे सांधा नाही.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी
तो काठीला जुन्या पंचाची पट्टी गुंडाळतो,
बिडी दूर विझवून येतो, टोपी फिरवतो,
काठी तळाला टेकवतो, जरा वेळ धरतो,
मग बाहेर काढून काळा डाग वितीने मोजतो.
तिसरा हिस्सा भरला की टँकर.
दिवाळीआधी कुणी लेथचं दुधाळ तेल मोरीत ओतलं,
खालचे सगळे न दिसणारे कामगार मेले.
आठ दिवस शेडमध्ये जेवण कुणाला गेलं नाही.
तेव्हापासून मोरीच्या जाळीला कुलूप,
आणि किल्ली त्याच्या करदोट्याला.

कर्दळ मात्र बेताल फुलली.
विश्वकर्म्याच्या तसबिरीला त्याने तीच वाहिली,
आणि प्रसाद घेताना शेठचा हात
क्षणभर हवेतच राहिला.

परवा रजिस्टर तपासलं.
तारीख, गाळ, सही, एवढेच रकाने मी आखून दिले होते.
त्याने पट्टीने आणखी एक आखलाय, थोडा वाकडा:
कौन उतरा.
खाली दर महिन्याला, निळ्या शाईत, जोर देऊन,
कोई नहीं.
कोई नहीं.
कोई नहीं.

मीही खाली सही केली.
वाळू पुढच्या उन्हाळ्यात बदलावी लागेल.